बास्क प्रांतात गोड खायला निघालात? आधी गाव बघा, मग तारीख

पहिल्या खेपेला मी सतरा पदार्थांची यादी घेऊन गेले होते. चार दिवस सान सेबास्तियान या स्पेनमधल्या बास्क शहरात राहायचं आणि एकेक नाव खोडायचं, असा बेत होता. पाचच नावं खोडली गेली. उरलेल्यांबद्दल दुकानदार बायका शांतपणे सांगायच्या, "ते तोलोसाला मिळेल", "ते बिल्बाओचं", "ते फेब्रुवारीत या". तेव्हा लक्षात आलं की इथलं गोड आपल्यासारखंच आहे. पेढा कुठेही मिळतो, पण कंदी पेढा साताऱ्याचा. गुळाची पोळी वर्षभर करता येते, पण संक्रांतीला तिची चव वेगळी असते. बास्क लोकांच्याही प्रत्येक पदार्थाला एक गाव असतं, आणि बऱ्याच पदार्थांना एक तिथी. हे कळल्यावर दुसरी आणि तिसरी खेप फार सुखाची झाली. पहिल्यांदा जाणाऱ्याचे दिवस वाया जाऊ नयेत म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

१. आधी दोन केकमधला घोळ मिटवा

पुण्या-मुंबईतल्या कॅफेंमध्ये "बास्क चीजकेक" म्हणून जो वरून काळपट भाजलेला केक मिळतो, तो वेगळा. "गातो बास्क" म्हणजे बास्क केक, तो पूर्ण वेगळा. दोन्ही एकच समजून लोक फसतात.

काळपट चीजकेक अगदी अलीकडचा आहे. सान सेबास्तियानच्या जुन्या भागात '३१ ऑगस्ट' नावाच्या रस्त्यावर ला विन्या हा बार आहे. तिथे सांतियागो रिव्हेरा यांनी १९९० च्या सुमारास तो बसवला. चीज, साखर, अंडी, क्रीम, चिमूटभर मैदा, खाली बिस्किटाचा थर नाही, आणि भट्टी चांगली तापलेली. बाहेरून करपल्यासारखा, आतून जेमतेम धरलेला. तिथे त्याला नुसतं "तार्ता दे केसो" म्हणतात. बारच्या मागच्या फळ्यांवर कागदासकट साच्यात निवत ठेवलेले केक रांगेने दिसतात. तो बारमध्ये, उभ्याने, ताटलीत घेऊन खायचा पदार्थ आहे, पेस्ट्रीच्या दुकानातला नव्हे.

गातो बास्क मात्र फ्रान्सच्या बाजूचा, शेतघरांतला जुना केक. बास्क भाषेत त्याचं नाव "एचेको बिस्कोचा", म्हणजे घरचा केक. लोणी, साखर, अंडी आणि मैद्याचं जाडसर आवरण खाली आणि वर, काही घरी त्यात बदामाची पूड, आणि मध्ये काळ्या चेरीचा जॅम किंवा कस्टर्ड. दोन्ही चाखून बघा. पण ते दोन वेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या देशांत चाखायचे आहेत.

२. कागदपत्रं आणि पिशवी

बास्क भूमी स्पेन आणि फ्रान्स या दोन देशांत वाटली गेली आहे. भारतीय पासपोर्टवाल्यांना दोन्हीकडे एकच शेंगेन व्हिसा चालतो. अर्ज कुठल्या देशाच्या दूतावासाकडे करायचा, तर जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे. दोन्हीकडे सारख्याच रात्री असतील तर जिथे आधी उतरणार त्याच्याकडे.

जवळ ठेवायच्या गोष्टी:

- मूळ पासपोर्ट. नुसती झेरॉक्स नको. एंदाइया या सीमेवरच्या फ्रेंच गावाला जाताना बसमध्ये किंवा गाडीत पोलीस तपासणी होऊ शकते. मी फक्त केक आणायला म्हणून पासपोर्ट हॉटेलात ठेवून निघाले होते आणि अर्ध्या वाटेतून परत फिरले. ती सकाळ फुकट गेली.
- सुटे युरो. एक-दोन पेस्ट्रींसाठी कार्ड चालतं, पण गावाकडच्या जत्रेत नाणी लागतात.
- सपाट तळाची कापडी पिशवी. खोका आडवा झाला की कस्टर्ड संपलंच.
- छोटा डबा, लाकडी चमचा, कागदी रुमाल. उरलेला अर्धा तुकडा फार उपयोगी पडतो.
- फोनमध्ये लिहून ठेवलेली चार वाक्यं. ती पुढे दिली आहेत.

३. गावं निवडा

सगळं एका खेपेत होत नाही. चार-पाच दिवस असतील तर दोन मोठी शहरं आणि दोन लहान गावं पुरेत.

*बिल्बाओ.* इथे सकाळी न्याहारीला जा आणि "बोयो दे मान्तेकिया" मागा. आपल्या इराण्याच्या बनमस्क्याचा हा गोड भाऊ. लांबट, लुसलुशीत पाव मधोमध चिरून त्यात बटरक्रीम भरलेलं असतं, वर साखर. कॉफीत बुडवून खाणारे आजोबा मी पाहिलेत. मग "पास्तेल दे आरोस". नावात आरोस, म्हणजे तांदूळ, पण आत तांदळाचा दाणा नाही. खारीसारख्या पापुद्र्यांच्या वाटीत दूध, अंडी, साखर, लोणी आणि मैद्याचं सारण भाजलेलं असतं. वर तपकिरी डाग हवेत, फिकट असेल तर घेऊ नका. तिसरी "कारोलिना". वाटीवर अंड्याच्या पांढऱ्याच्या फेसाचा उंच मनोरा, त्याच्या एका बाजूला पिवळ्या बलकाचा ओघळ, दुसऱ्या बाजूला चॉकलेटचा. एका हलवायाने आपल्या मुलीसाठी ती केली आणि तिचंच नाव दिलं, असं तिथे सांगतात. ती बांधून न्यायच्या भानगडीत पडू नका, दुकानाच्या दारातच खा. मार्तिना सुरिकालदाय १८३० पासूनचं आणि आरेसे १८५२ पासूनचं, ही इथली दोन जुनी घरं.

*सान सेबास्तियान, म्हणजेच दोनोस्तिया.* इथली खूण "पांचिनेता". पापुद्र्यांच्या दोन थरांत घट्ट कस्टर्ड, वर बदामाचे तुकडे आणि पिठीसाखर. नाव फ्रेंच "फ्रांजिपान" शब्दावरून बास्क जिभेवर घडलं. एकेकाळी स्पेनचं राजघराणं उन्हाळ्यात इथे मुक्कामाला येई, त्यांच्याबरोबर फ्रेंच धाटणीची पाककलाही आली. १८८६ पासूनच्या ओताएगी या दुकानाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पांचिनेता लोकप्रिय केली. ती कोमट असताना खायची. थंड दिली तर थोडी गरम करून मागा, आनंदाने देतात.

*तोलोसा.* दोनोस्तियाहून लोकल गाडीने अर्ध्या तासाचं गाव, आणि माझ्या मते या सगळ्या सफरीचं खरं केंद्र. इथल्या "तेखास" म्हणजे कौलं. बदामाच्या पातळ चकत्या गरम असतानाच वाकवून कौलासारख्या केलेल्या. त्याच पिठाच्या गुंडाळलेल्या नळ्यांना "सिगारियोस" म्हणतात. एक तेखा उजेडासमोर धरली तर बदामाचे काप खिडकीतल्या पानांसारखे दिसतात आणि कडा मधाच्या रंगाची असते. दाताखाली आवाज न होता मोडली तर ती शिळी. गोरोचातेगी घराण्याचं दुकान इथलंच. त्यांनी घडवलेला "शाशू" हा बदाम आणि बलकाचा पाकातला घास आहे. अति गोड वाटेल, एकच घ्या. त्यांचं मिठाईच्या जुन्या साधनांचं संग्रहालयही गावात आहे. तांब्याच्या कढया, चॉकलेट वाटायचे दगड आणि मेणबत्त्यांचे साचे एकत्र पाहिले की मिठाईवाला आणि मेणवाला हा एकेकाळी एकच धंदा होता हे कळतं.

*वितोरिया.* इथे "गोशुआ". काचेच्या किंवा मातीच्या वाटीत खाली फेटलेलं क्रीम, मग पाकात भिजलेला स्पंज, वर कस्टर्ड आणि जाळलेल्या साखरेचा कडक थर. नाव "गोड" या अर्थाच्या बास्क शब्दावरून. जुनाट वाटतो, पण लुईस लोपेस दे सोसोआगा या हलवायाने तो सत्तरच्या दशकात प्रसिद्ध केला. वेळ कमी असेल तर वितोरिया वगळा. गोशुआ इतर शहरांतही बरा मिळतो.

*सँ-जाँ-द-लुझ.* आता फ्रान्स. १६६० साली चौदावा लुई आणि स्पेनची राजकन्या मारिया तेरेसा यांचं लग्न या मासेमारीच्या बंदरातल्या चर्चमध्ये लागलं. त्याच साली सुरू झालेल्या आदाँ घराण्याच्या दुकानात अजून मॅकरून मिळतो. पॅरिसचे दोन रंगीत चकत्यांमध्ये क्रीम भरलेले मॅकरून मनातून काढून टाका. हा एकच, सपाट, वर तडे गेलेला. बदाम, साखर आणि अंड्याचं पांढरं, बाकी काही नाही. बाहेर किंचित कुरकुरीत, आत चिवट-ओला. गोव्याच्या नारळाच्या मॅकरूनची आठवण येते, फक्त खोबऱ्याच्या जागी बदाम. गावात पारिएस हेही मोठं नाव आहे. त्यांचा "मुशू" दोन बदामी चकत्या जोडून केलेला असतो. मुशू म्हणजे बास्क भाषेत पापा.

*बायोन.* चॉकलेटचं गाव. स्पेन-पोर्तुगालमधून छळामुळे पळालेले ज्यू सतराव्या शतकात नदीपलीकडच्या सँ-तेस्प्री वस्तीत राहिले आणि कोको वाटायची विद्या त्यांनीच इथे आणली. पुढे गावच्या चॉकलेटवाल्यांनी १७६१ मध्ये संघ करून त्यांनाच धंद्यातून बाहेर काढलं. १७६७ मध्ये बोर्दोच्या न्यायालयाने तो संघ रद्द केला. हे जाणून तिथला कप हातात घ्या. पोर-नफ या कमानींच्या रस्त्यावरच्या काझनावमध्ये, १८५४ पासूनच्या, घुसळून फेस आणलेलं गरम चॉकलेट लोणी लावलेल्या टोस्टसोबत देतात. फेस चमच्याने आधी खायचा, मग खालचं प्यायचं.

*काँबो, इत्सासू आणि सार.* गातो बास्कचं माहेर. काँबोच्या मारियान इरिगोयेन या बाईने १८३० च्या दशकात हा केक बायोनच्या बाजारात नेऊन विकायला सुरुवात केली, पुढे तिच्या नातींनी तो धंदा चालवला. बायोनहून काँबोला गाडी जाते. शेजारचं इत्सासू काळ्या चेरीचं. सार गावात या केकला वाहिलेलं संग्रहालय आहे, तिथे डोळ्यांसमोर केक करून दाखवतात.

४. गातो बास्क कसा निवडायचा

यावर मी जरा जास्त लिहिते, कारण प्रत्येक कोपऱ्यावर हा केक आहे आणि निम्मे बेचव आहेत.

आधी वरची नक्षी बघा. काट्याने ओढलेल्या आडव्या-उभ्या रेघा असतील तर आत बहुधा कस्टर्ड. चार पाकळ्यांचं "लाउबुरू" हे बास्क चिन्ह असेल तर बहुधा चेरी. सगळे हा संकेत पाळत नाहीत, म्हणून विचारून घ्या. मग रंग. अंडं लावून भाजलेला वरचा भाग तांबूस-सोनेरी हवा, कडेला थोडा गडद. पिवळट असेल तर आवरण मध्ये कच्चं राहिलेलं असतं. कापलेला तुकडा दिसत असेल तर आवरण आणि सारण यांच्यातली सीमा पाहा. चांगल्या केकमध्ये ती सरळ रेघ नसते. भाजताना कस्टर्डचा ओलावा पिठात शिरलेला असतो, त्यामुळे आतली बाजू मऊ आणि बाहेरची रवाळ, नानकटाईसारखी भुरभुरणारी. शेवटी जिभेवर मिठाची पुसट कड यायला हवी.

पहिला केक चेरीचा घ्या असं मी सांगेन. कस्टर्डवाला गोड-गोड लागतो, चेरीचा आंबूसपणा लोण्याला उतारा असतो. मात्र "काळी चेरी" लिहिलं म्हणजे ती इत्सासूचीच असं नाही. तिथलं पीक थोडं असतं. इत्सासूची असेल तर दुकानदार ते अभिमानाने लिहून ठेवतो. १९९४ पासून "एगुस्किया" ही केक करणाऱ्यांची संघटना आहे, दारावर तिची खूण दिसली तर निर्धास्त आत जा.

घरी आणल्यावर फ्रिजमधून काढून लगेच खाऊ नका. तासभर बाहेर राहू दे. मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच घालू नका, आवरण चामड्यासारखं होतं.

५. तारीख जुळवा

जानेवारीत, सहा तारखेला, तीन राजांच्या सणाचा गोल पाव. तीन फेब्रुवारीला सान ब्लास, घशाचा रक्षक संत. त्या दिवशी बिल्बाओत सान निकोलास चर्चजवळ ठेले लागतात. रंगीत दोरे, बडीशेपेच्या वासाचे गोल वेढे आणि खडीसाखरेसारख्या गोळ्या. दोरा चर्चमध्ये मंत्रवून नऊ दिवस गळ्यात बांधतात आणि मग जाळतात. कार्निव्हलच्या दिवसांत दुधात भिजवून तळलेल्या पावाच्या चकत्या, "तोस्तादास".

पंचवीस एप्रिलला सान मार्कोस. एइबारसारख्या गावांत धर्ममाता आपल्या धर्मपुत्राला "ओपिल" नावाचा, वर आख्खी उकडलेली अंडी बसवलेला पाव देते. हा पदार्थ दुकानाच्या खिडकीत असतो, पण बहुतेक आधीच सांगून ठेवलेला असतो. हवा असेल तर दोन दिवस आधी नाव नोंदवा.

मे महिन्यात बायोनचे चॉकलेटचे दिवस, जूनच्या सुरुवातीला इत्सासूची चेरीची जत्रा, ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी काँबोला गातो बास्कचा उत्सव. एकवीस डिसेंबरला दोनोस्तिया आणि बिल्बाओत सांतो तोमासची जत्रा. तिथे "तालो" खा. मक्याच्या पिठाची, हातावर थापलेली, तव्यावर शेकलेली भाकरी, आणि आत चॉकलेटचा तुकडा वितळवून. थापणाऱ्या बाईच्या तळव्यांचा आवाज ऐकून मला आईचं स्वयंपाकघर आठवलं आणि मी रांगेत परत एकदा उभी राहिले.

गोवेकरांसाठी एक तारीख खास. जुन्या गोव्यात ज्यांचे अवशेष आहेत ते फ्रान्सिस झेवियर स्पेनच्या बाजूच्या नाव्हारा प्रांताचे, हाविएरच्या किल्ल्यात जन्मलेले. तीन डिसेंबरला त्यांच्या सणाच्या दिवशी नाव्हारात सार्वजनिक सुट्टी असते. पांप्लोना या नाव्हाराच्या राजधानीला जाणार असाल तर त्या दिवशी दुकानांच्या वेळा आधी पाहा.

६. दुकानात शिरताना

पाटीवर "गोसोतेगी" म्हणजे मिठाईचं दुकान, "ओकिंदेगी" म्हणजे पावाचं. स्पेनच्या बाजूला बरीच दुकानं दुपारी दीड-दोनला बंद होतात आणि चार-पाचला उघडतात. फ्रान्सच्या बाजूला जेवणाची सुट्टी थोडी आधीच. सोमवार दोन्हीकडे घातक, अनेकांची सुट्टी असते. रविवारी सकाळी मात्र सगळं गाव दुकानात. जेवणाला ज्यांच्याकडे जायचं त्यांच्यासाठी पेस्ट्रीचा ट्रे न्यायची पद्धत आहे, आणि बारानंतर चांगल्या गोष्टी संपतात.

आत गेल्यावर अभिवादन केल्याशिवाय मागणी करू नका. सकाळी "एगुन ओन", एरवी "काइशो". रांग दिसत नाही म्हणून पुढे घुसू नका. टोकनचं यंत्र नसेल तर विचारा, "किएन एस एल उल्तिमो?", म्हणजे शेवटचं कोण. हात वर करेल त्याच्यानंतर तुमचा नंबर. निघताना "एस्केरिक आस्को", आभार. एवढ्यावर दुकानदार बाईचा चेहरा उजळतो.

मोठ्या पेस्ट्री नगावर, लहान पेस्ट्री आणि बिस्किटं बहुधा वजनावर. "सगळ्यातलं एकेक" म्हटलं की ट्रे भरत जातो आणि वजन काट्यावर दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. आधीच सांगा, "सहा नग" किंवा "पाव किलो". मग पाहत राहा. पुठ्ठ्याचा ट्रे, त्यावर कागद तंबूसारखा उभा, म्हणजे क्रीमला लागणार नाही, दोरी चारी बाजूंनी आणि वर बोट अडकवायला फास. सगळं अर्ध्या मिनिटात. त्या फासातूनच पिशवी न वापरता नेतात.

७. शाकाहारींनी इथे नीट थांबावं

मी अंडं खाते, मांस खात नाही. पांप्लोनातल्या एका दुकानात तपकिरी, साखर भुरभुरलेला, फारच साधा दिसणारा पाव मी न विचारता घेतला. दुसऱ्या घासाला कळलं. त्याचं नाव "चांचिगोरी", त्यात डुकराच्या चरबीचे तळलेले कण असतात. चूक माझी, नाव पाटीवर लिहिलेलं होतं.

म्हणून हे लक्षात ठेवा. स्पॅनिशमध्ये "मान्तेकिया" म्हणजे लोणी आणि "मान्तेका" म्हणजे डुकराची चरबी. एका अक्षराचा फरक आहे. विचारायचं असं: "येवा मान्तेका दे सेर्दो?" फ्रान्समध्ये चरबीला "सँदू" म्हणतात. नाताळच्या भुरभुरीत लाडवांसारख्या "पोल्व्होरोन"मध्ये ती बहुतेक वेळा असतेच. चकचकीत फळांच्या पेस्ट्रीवर जिलेटिन असू शकतं.

मातीच्या कुल्हडातलं "मामिया" दह्यासारखं दिसतं, पण ते मेंढीच्या दुधात विरजण न घालता रेनेट या दूध गोठवणाऱ्या पदार्थाने लावलेलं असतं, आणि पारंपरिक रेनेट कोकराच्या पोटातलं. कडक शाकाहारी असाल तर सोडा. नसाल तर मधाबरोबर जरूर खा. त्याला एक करपट वास हवा, कारण पूर्वी धनगर लाकडी भांड्यात तापलेले दगड टाकून दूध उकळायचे.

अंडंही चालत नसेल तर पेस्ट्रीच्या दुकानात फार थोडं हाती लागेल. बायोनचं गरम चॉकलेट आणि टोस्ट, क्विन्स फळाचा घट्ट मुरांबा अक्रोडाबरोबर, आणि चॉकलेटचा तालो. तालो घेताना तवा बघा. त्याच तव्यावर डुकराचं सॉसेज भाजत असतील तर पुढच्या ठेल्यावर जा.

८. घरी काय आणायचं

कस्टर्ड आणि क्रीमचं सगळं त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपवायचं. चेरीचा गातो बास्क चार दिवस छान राहतो. बायोनचं चॉकलेट आणि पारिएसच्या "कानूगा" नावाच्या मऊ चॉकलेट-टॉफ्या उन्हाळा सोडून कधीही. सगळ्यात टिकाऊ तोलोसाच्या तेखा, पण त्या सामानाच्या बॅगेत टाकल्या तर मुंबईला चुरा उतरतो. पत्र्याच्या डब्यातल्या घ्या, डबा हातातल्या पिशवीत ठेवा, आणि सुरक्षा तपासणीत तो न कलंडता सपाट जाईल असं ट्रेमध्ये स्वतः मांडा. उघडल्यावर लगेच झाकण लावायचं. आपल्या दमट हवेत त्या एका संध्याकाळी मऊ पडतात.